आत्तीची रेकॉर्ड

परातीत पाणी घेतलं होतं, नुसता गारठा मोडलेलं. "कढत घालू नको गं, वाकंल ती," असं म्हणत आत्तीनं स्वतःच बोट बुडवून बघितलं, बाळंतिणीच्या खोलीत अंघोळीचं पाणी बघतात तसं. पाटावर टॉवेल, टॉवेलवर रेकॉर्ड. तिच्या जुन्या सुती साडीचा धुऊन धुऊन मऊ झालेला तुकडा पाण्यात बुडवून, पिळून, ती तो रेकॉर्डवर गोल फिरवत होती. आडवा नाही, उभा नाही. रेघा ज्या दिशेनं जातात त्याच दिशेनं. मधलं कागदी लेबल पुरात एकदा भिजून फुगलं होतं, त्याला आणखी पाणी लागू नये म्हणून डाव्या हाताचा तळवा त्यावर झाकलेला. फडकं उचललं की त्यावर चहाच्या चोथ्यासारखा गाळ यायचा. पाणी तीनदा बदललं. शेवटचा हात आम्ही इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला आणलेल्या डिस्टिल्ड वॉटरनं फिरवला, कारण नळाच्या पाण्याचे डाग राहतात असं मी कुठंतरी वाचलं होतं. मग आत्तीनं रेकॉर्ड उचलली आणि सरळ ताटाळ्यात उभी केली, दोन ताटांच्या मध्ये, निथळायला.

ही २०१९ च्या ऑगस्टातली गोष्ट. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. कोल्हापुरात वाढलेल्या कुणालाही हे आकडे पावकी-निमकीसारखे पाठ असतात. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. आत्तीचं घर शुक्रवार पेठेत, नदीच्या अंगाला. पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा आम्ही तिला राजारामपुरीत आमच्या घरी आणलं. ती अंगावरच्या साडीनिशी आली, हातात देवघरातली अंबाबाईची तसबीर आणि औषधांची पिशवी. आठवड्यानं पाणी उतरल्यावर घर उघडलं तर सगळीकडं गुडघाभर चिखल आणि तो वास. पुराचा वास ज्यानं घेतलाय त्याला सांगावं लागत नाही. फडताळाचा खालचा खण फुगून बसला होता. मी सांडशीनं ओढून उघडला. आत लग्नाचा अल्बम, रेशनकार्ड, माझ्या फुव्यांची, म्हणजे आत्तीच्या मालकांची, पेन्शनची कागदं आणि सगळ्यांत खाली ही एकच रेकॉर्ड. कव्हरचा लगदा झाला होता. त्यावरचं अक्षर न् अक्षर धुऊन गेलेलं. लेबलावर भोंग्यासमोर बसलेला एचएमव्हीचा कुत्रा मात्र दिसत होता.

बाकीच्या वस्तूंसाठी आत्तीनं "जाऊ दे" म्हटलं. रेकॉर्डसाठी म्हटलं, "बघू तरी."

रेकॉर्ड आशा भोसल्यांची. मास्टर दीनानाथ मंगेशकरांनी रंगभूमीवर गाजवलेली पदं त्यांच्या मुलीनं गायलेली आहेत. 'परवशता पाश दैवे', 'शूरा मी वंदिले', 'युवती मना दारुण रण' अशी. ही पदं ज्यांनी ऐकलीत त्यांना नुसती नावं वाचूनच सूर आठवला असेल. ज्यांनी नाहीत, त्यांनी हा लेख मध्येच सोडून आधी ती ऐकली तरी माझी तक्रार नाही.

माझ्या पिढीला आशाबाई आधी सिनेमातून भेटल्या. रेडिओवर, लग्नाच्या मांडवात, गणपतीच्या स्पीकरवर. नाट्यपदं गाणाऱ्या आशाबाई मला आत्तीच्या घरी भेटल्या, आणि कितीतरी वर्षं मला ही दोन माणसं एकच आहेत हे पटतच नव्हतं. सुट्टीत तिच्याकडं राहायला गेले की दुपारी जेवणं आटपल्यावर ती फिएस्टा काढायची. सुटकेससारखा उघडणारा एचएमव्हीचा तो छोटा प्लेअर फुव्यांनी हौसेनं घेतला होता. घरात रेकॉर्डी पाच-सहा, पण वाजायची हीच. पिन ठेवायच्या आधी आत्ती पदरानं धूळ टिपायची. मग सुरुवातीची ती खरखर, तव्यावर मीठ तडतडावं तशी, आणि पहिला सूर.

रेकॉर्ड वाजत असताना आत्ती नुसती बसायची नाही. ती साज गाठायची. गुजरीतल्या एका सराफाकडून ती माल घरी आणायची. पानड्या, जवमणी, मधलं ताईत वजन करून मोजून मिळायचं आणि गाठून झालं की तसंच वजन करून परत द्यायचं. मत्स्य, कूर्म, शंख, चंद्र, बेलपान. एकेक पानडी तर्जनीच्या नखाएवढी. तिच्या मांडीवर पांढरा पंचा पसरलेला असायचा, मणी घरंगळला तर दिसावा म्हणून. कोल्हापुरी साजाच्या मण्याला वरून सोन्याचा पत्रा असतो आणि आत लाख भरलेली असते. त्यामुळं तो दिसतो भरदार पण गळ्याला जड होत नाही. आत्ती मणी दोन बोटांत धरून सांगायची, "आपटायचा न्हाई. आत लाख हाय. लाख तडकली की मणी बसला."

खूप पुढं, या रेकॉर्डच्या निमित्तानं वाचताना मला कळलं की दीनानाथांच्या काळातल्या तबकड्याही लाखेच्याच होत्या. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या त्या जाड, जड तबकड्यांत लाख मिसळलेली असायची, म्हणून त्या हातातून पडल्या की कौलासारख्या फुटायच्या. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचं गाणं मावायचं. नाटकात वन्समोअर घेत घेत जे पद अर्धा-अर्धा तास रंगायचं ते तीन मिनिटांत कोंबून गायचं, तेही एकदाच आणि न चुकता. नंतरच्या एलपी प्लास्टिकच्या, मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे घेणाऱ्या, एका बाजूला वीसेक मिनिटं वाजणाऱ्या. लाखेची तबकडी आठ दिवस चिखलाखाली राहिली असती तर उरली असती की नाही, कोण जाणे. मुलीची प्लास्टिकची होती म्हणून ताटाळ्यात निथळत उभी राहिली. हे आत्तीला सांगितलं तर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हंजे बापाचं गाणं आन् माझा साज, एकाच मालाचं की गं."

दीनानाथांचा जन्म १९०० चा, मंगेशीचा. पोरवयातच ते किर्लोस्कर नाटक मंडळीत गेले आणि १९१८ मध्ये चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासोबत त्यांनी बळवंत संगीत मंडळी काढली. गडकऱ्यांच्या 'भावबंधना'त ते लतिका झाले. १९२७ साली आलेल्या वीर वामनराव जोशींच्या 'रणदुंदुभि'त तेजस्विनी. १९३१ साली सावरकरांच्या 'संन्यस्त खड्ग'मध्ये सुलोचना. या शेवटच्या दोन्ही नाटकांचं संगीत रामकृष्णबुवा वझ्यांचं. 'मानापमाना'त मात्र ते धैर्यधर, म्हणजे पुरुष भूमिका. म्हणजे ज्या गळ्यातून रानात फिरणाऱ्या सेनापतीचं पद निघायचं त्याच गळ्यातून नऊवारी नेसलेल्या तेजस्विनीचंही निघायचं.

'मानापमान' म्हटलं की कोल्हापूरकराचा कान टवकारतो. १९११ साली आलेल्या त्या नाटकाच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या, आणि टेंबे आमचे. पेटी वाजवणारे, चाली बांधणारे, आणि पुढं प्रभात फिल्म कंपनीनं कोल्हापुरात 'अयोध्येचा राजा' हा सिनेमा काढला तेव्हा त्यात स्वतः हरिश्चंद्र होऊन उभे राहिलेले. केशवराव भोसलेही आमचेच, ललितकलादर्श नाटक कंपनीवाले. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त 'मानापमान' झालं त्यात बालगंधर्व भामिनी होते आणि केशवराव धैर्यधर. त्या प्रयोगाच्या गोष्टी कोल्हापुरात अजून अशा सांगतात, जणू सांगणारा पहिल्या रांगेत होता.

केशवरावांनी गाजवलेला तोच धैर्यधर पुढं दीनानाथांनी केला आणि त्यातली काही पदं आपल्या चालीत गायली. म्हणजे टेंब्यांच्या चालीवर दीनानाथांचा हात फिरला, आणि दीनानाथांच्या गाण्यावर त्यांच्या मुलीचा. मला हे सांगायचंय ते आमच्या शेजारच्या एका काकांसाठी. नाट्यसंगीताचे मोठे दर्दी, देवल क्लबात, म्हणजे आमच्या गावच्या गाण्याच्या संस्थेत, उमर घालवलेले. त्यांचं म्हणणं होतं, वडिलांचं गाणं वडिलांपाशीच राहू द्यायला हवं होतं. त्यांच्या बोलण्यात तळमळ होती, म्हणून मी तेव्हा गप्प बसले. पण पटलं नाही. ज्या परंपरेत प्रत्येक गायक-नटानं आधीच्याचं पद घेऊन आपल्या गळ्याला बेतलं, तिथं कुलूप नेमकं मुलीपाशी येऊनच का लावायचं?

आणि या मुलीला वडील मिळाले किती? दीनानाथ १९४२ च्या एप्रिलमध्ये पुण्यात गेले तेव्हा आशाबाई आठ वर्षांच्या होत्या. कंपनी त्याच्या कितीतरी आधी बुडाली होती, सांगलीत काढलेली सिनेमाची कंपनीही. रंगमंचावरचे भर जोमातले दीनानाथ त्या मुलीनं पाहिलेच नसणार. तिनं पाहिले ते घरातले, सकाळी तंबोरा घेऊन बसणारे, थकलेले. वडील गेल्यावर हे कुटुंब काही काळ कोल्हापुरात आलं, मास्टर विनायकांच्या आधारानं. विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्सचा 'माझं बाळ' १९४३ साली आला. त्यात आशाबाईंनी सिनेमासाठी पहिल्यांदा गायलं. नऊ-दहा वर्षांची ती मुलगी याच गावातल्या रस्त्यांवरून स्टुडिओत जात असणार. आत्तीचा जन्म त्याच सालचा. या योगायोगाचं तिला फार अप्रूप आहे. "त्या गाऊ लागल्या आन् मी रडू लागलो," असं ती सांगते. (आमच्याकडं बायकाही 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. बाहेरगावचे लोक हसतात. मला ते बोलणं ऐकलं की घरी आल्यासारखं वाटतं.)

आत्तीच्या गाण्याची गोष्ट मला उशिरा कळली, पुराच्या त्या पंधरवड्यात. तोवर मी समजत होते की तिला गाणं ऐकायला आवडतं, एवढंच.

माझे पणजोबा शेतकरी. आजोबा शहरात आले आणि तरुणपणी काही वर्षं पॅलेस थिएटरच्या दारावर तिकिटं फाडायला उभे राहिले. शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं ते थिएटर, नंतरचं आपलं केशवराव भोसले नाट्यगृह. पलीकडं खासबाग मैदान, म्हणजे एका अंगाला कुस्ती आणि दुसऱ्या अंगाला नाटक. आजोबांना दोन्हींचं वेड. लिहिता-वाचता बेताचंच यायचं, पण दारात उभं राहून ऐकलेली पदं तोंडपाठ. पहाटे म्हशीखाली बसले की धारेच्या तालावर त्यांचं पद सुरू. आत्ती शेणकूर करता करता ऐकायची आणि तिलाही ती पदं आपोआप पाठ झाली.

एकदा, ती बारा-तेरा वर्षांची असताना, विहिरीवर पाणी शेंदताना तिनं मोठ्यानं 'परवशता' म्हटलं. शेजारपाजारच्या बाया थांबून ऐकू लागल्या. संध्याकाळी आजोबांनी तिला समोर उभं केलं. मारलं नाही. एवढंच म्हणाले, नाटकातली गाणी पोरींनी म्हणायची नसतात. लग्न व्हायचंय तुझं.

"मग मी म्हटलोच न्हाई," आत्ती म्हणाली.

मला आजोबांचा राग आला, आणि त्यांच्यावर रागावणं जमलंही नाही. त्यांचा काळ तसा होता म्हणून मी हे सोडून देणार नाही. हिराबाई बडोदेकर कधीच्या रंगमंचावर उभ्या राहून गायल्या होत्या. अल्लादिया खाँसाहेबांसारखा उस्ताद कोल्हापूर दरबारी होता आणि त्यांच्या तालमीतून केसरबाई आणि मोगूबाई घडल्या होत्या. बाईच्या गाण्याला हे गाव परकं नव्हतं. पण आमच्यासारख्या घरात गाणारी बाई म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी घरची. आणि ज्या पदावरून आत्तीला गप्प केलं ते पद कुणाचं? तेजस्विनीचं. एका बाईच्या तोंडी लिहिलेलं, की ज्याच्या गळ्यात परवशतेचा फास पडला त्याला जिवंतपणीच मरणयातना. ते एका पुरुषानं लुगडं नेसून म्हटलं, दुसऱ्या पुरुषानं दारात उभं राहून ऐकलं, घरी आणलं, म्हशीखाली बसून गायलं आणि लेकीच्या तोंडातून निघालं तेव्हा बंद केलं.

लग्न होऊन शुक्रवार पेठेत आल्यावर आत्तीनं साज गाठायला घेतला. पहिल्या दिवाळीला हातात आलेल्या पैशातून घरासाठी पितळी समई घेतली. फिएस्टा आला त्यानंतर काही वर्षांनी, आणि तो आल्यावर ही रेकॉर्ड. ही तिनं स्वतः जाऊन घेतली, लक्ष्मीपुरीतल्या दुकानातून, मजुरीचे पैसे मोजून. दुकानदारानं विचारलं, घरात कुणाला पाहिजे? हिनं सांगितलं, मालकांना.

"पयल्यांदा लावली," आत्ती म्हणाली, "आन् आशाबाईचा आवाज आला ना, हातातला मणी खाली पडला. बाई म्हणत होती गं ते. बाईच्या आवाजात. मला वाटलं, आरं, हे म्हटलं तर चालतंय!"

यावर मी खूप विचार केलाय. दीनानाथांचा आवाज काही खर्जातला नव्हता. त्यांची पट्टी उंच, धारदार. आत्तीला सुराची अडचण कधीच नव्हती. विहिरीवर तिनं ते पद म्हटलंच होतं. तिला अडवलं होतं ते वेगळ्याच गोष्टीनं, आणि ती गोष्ट या रेकॉर्डनं बाजूला सारली. ज्यांचा आवाज घराघरांत रोज येतो, देवाची भूपाळी आणि सिनेमातलं गाणं ज्या सारख्याच हक्कानं गातात, त्या बाईनं हे पद म्हटलं, आणि ते तिच्या वडिलांचं होतं. वडिलांचं गाणं लेकीनं म्हणायचं. आत्तीच्या आयुष्यात नेमकं हेच नाकारलं गेलं होतं.

तेव्हापासून ती रोज दुपारी गायली, चाळीस वर्षं. रेकॉर्डसोबत, साज गाठता गाठता, दार लोटून.

आजोबांनी ते कधी ऐकलं का, हे मी विचारलं. ती म्हणाली, ते एकदा दुपारी न सांगता आले होते. दार लोटलेलं. ते बाहेर कट्ट्यावर बसून राहिले. रेकॉर्डची बाजू संपल्यावर त्यांनी कडी वाजवली. चहा घेतला, गावाकडचं काहीबाही बोलले आणि निघताना पायात चपला घालत म्हणाले, "मशीन चांगलं हाय." बस्स.

आता गाण्याविषयी थोडं, कारण त्याशिवाय हे सगळं अर्धंच.

हल्ली दीनानाथांच्या तबकड्या मोबाइलवर ऐकता येतात. 'परवशता' मी बाप-लेकीचं लागोपाठ कितीदा ऐकलं असेल, मोजदाद नाही. दीनानाथ ऐकताना मला खासबागेतली कुस्ती आठवते. पैलवान असा डाव टाकतो की आपल्याला तो दिसतच नाही; समोरच्याची पाठ मातीला लागल्यावर कळतं की काहीतरी झालं. दीनानाथांची तान तशी. सरळ चाललेला सूर मध्येच कुठून कुठं झेपावतो आणि समेवर येऊन बसतो तेव्हा आपण अजून मागंच असतो. त्यात तीन मिनिटांची घाई. तबकडी संपायच्या आत सगळं सांगून टाकायचंय अशी एक धाप त्या गाण्याला आहे, आणि ती तेजस्विनीला शोभते.

आशाबाई डाव दाखवत टाकतात. पकड कुठं घेतली, पाय कुठं लावला, सगळं दिसतं, आणि तरी पाठ लागायची ती लागतेच. वडिलांची जागा त्या सोडत नाहीत. जिथं वडील झेपावले तिथं त्याही झेपावतात. पण झेपेच्या आधीचा शब्द त्या पुरा करतात. 'परवशता' हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकावा. त्यातला 'श' दातांमागून असा घासत येतो की दोरी आवळल्याचा भास होतो. हे शब्दाचं भान त्यांनी सिनेमाच्या माइकसमोर हजारो गाण्यांत कमावलेलं, आणि ते त्यांनी वडिलांच्या घरी परत आणलं. भोंग्यात तोंड घालून ओरडायची सक्ती ज्या पिढीवर होती तिला ही चैन नव्हती. माइकजवळ कुजबुजलं तरी उमटतं, हे मुलीला ठाऊक होतं.

'शूरा मी वंदिले'त मात्र मी दीनानाथांच्या बाजूची. त्या पदाला जो रग लागतो, छाती पुढं काढून म्हणायचा, तो मला वडिलांच्याच तबकडीत सापडतो. मुलीचं सुरेख आहे, दाणेदार आहे, पण ते ऐकून माझ्या अंगावर काटा येत नाही. आत्तीशी यावरून माझं भांडण. ती म्हणते, तू घाईची हायस.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी ९ ऑगस्ट, केशवरावांचा जन्मदिवस. रात्रीच फोनवर ज्वाळांचे व्हिडिओ यायला लागले होते. आत्ती तेव्हा आमच्याकडंच होती, तिला सांगायचं की नाही हे आमचं ठरेना. सकाळी तिनं स्वतःच पेपर उचलला. म्हणाली, मला घेऊन चल. मी रिक्षा केली. खासबागेजवळ माणसं नुसती उभी होती. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. कितीतरी जण रडत होते, त्यात चांगले दांडगे बाप्येही. दगडी भिंती उभ्या होत्या आणि वरचं छप्पर नव्हतं. ओल्या राखेचा वास सगळीकडं पसरलेला. आत्तीनं माझा दंड घट्ट धरला होता. ती रंगमंचाकडं बघत नव्हती. ती दाराकडं बघत होती, कुठल्या दारावर तिचे वडील उभे राहायचे ते शोधत. तिला ते ओळखू येईना. दोन-तीनदा तिनं हात करून "त्ये असंल" म्हटलं आणि परत मान हलवली.

घरी आल्यावर तिनं चहा घेतला नाही. फिएस्टा काढायला सांगितला. तो पुरातून वाचला होता, कारण वापर कमी झाल्यापासून तो माळ्यावर होता. मी पिन लावली.

पुराच्या धुण्यात रेकॉर्ड बरीचशी स्वच्छ निघाली होती, पण 'परवशता'त एके ठिकाणी गाळातल्या वाळूनं ओरखडा पाडलाय. तिथं पिन उडते. एका अंतऱ्याच्या शेवटी सूर वर चढायला लागतो, टक् असा आवाज येतो आणि आपण थेट पुढच्या ओळीत असतो. मधली दोन-तीन सेकंदांची तान गेली ती गेलीच. गेली काही वर्षं मी ही रेकॉर्ड इतकी ऐकलीये की माझ्या डोक्यात ते पद आता तसंच बसलंय, मधली जागा गाळून. स्वयंपाक करताना गुणगुणते तेव्हाही मी ते तसंच म्हणते, आणि मला कळतही नाही.

त्या दिवशीही मी पिनेबरोबर गुणगुणत होते. टक् झालं, पिन उडाली आणि मीही उडाले.

"खाऊ नको," आत्ती म्हणाली.

"काय?"

"मधलं खाऊ नको. तिथं तान हाय."

तिनं मला हात वर करून पिन उचलायला लावली. खोलीत शांत झालं. ८१ वर्षांचा आवाज, खरखरीत, वरच्या सुराला काठानं चढावा तसा हळूहळू गेला. ती ओळ तिनं पहिल्यापासून घेतली, ओरखड्यापाशी आली, आणि जी जागा गेली होती ती तिनं भरली. वर जाता जाता एक छोटी गिरकी, मग थांबल्यासारखं करून खाली दोन पायऱ्या, आणि सम. मला तीनदा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा मला ती गिरकी जमली, थोडी.

रात्री मी मोबाइलवर आशाबाईंचं 'परवशता' लावलं, न उडणारं, पुरं. ती जागा आली. तिथं तान होती, पण आत्तीची नव्हती. ती गिरकी त्यात नव्हती. मग दीनानाथांची तबकडी लावली. त्यांची तान दोघींहून वेगळी, आणि त्यातही ती गिरकी नव्हती.

सकाळी विचारलं, तर आत्ती देवासमोर वाती वळत होती. वर न बघता म्हणाली, "धार काढताना म्हस मधीच पाय हलवायची. मग आबा थांबायचं, आन् परत धरायचं. ती तिथली हाय."